गोळीचा खाडा

आपल्याकडे बहुतेक मध्यमवर्गीय घरांत स्वयंपाकघराच्या दाराआड एक ‘कालनिर्णय’ टांगलेले असते. त्याचा उपयोग एकादशी आणि संकष्टी पाहण्यापुरताच आहे असे ज्याला वाटत असेल, त्याने संसार केलेला नाही. त्या चौकोनांत दुधाचा हिशेब असतो, गॅसचा सिलिंडर कधी लावला त्याची तारीख असते, आणि काही आकड्यांभोवती पेनाने काढलेली गोल वेटोळी असतात. ही वेटोळी म्हणजे कामवाल्या बाईंचे खाडे. महिना संपला की ती मोजली जातात, आणि चार-पाचच्या पुढे गेली तर घरात त्यावर चर्चा होते.

‘खाडा’ हा शब्द मोठा निर्दय आहे. ‘रजा’ म्हटले की ती हक्काची वाटते. तिचा अर्ज असतो, ती मंजूर होते, शिल्लक राहिली तर साठवता येते. मी पस्तीस वर्षे बँकेत नोकरी केली. किरकोळ रजा, हक्काची रजा, आजारपणाची रजा असे रजेचे सगळे प्रकार यथेच्छ उपभोगले. पण खाडा मात्र एकही केला नाही. कारण खाडा करण्यासाठी माणूस आधी रोजावर असावा लागतो. ऊसतोडीच्या टोळीत तर खाडा म्हणजे नुसता बुडालेला रोज नव्हे. वर मुकादमाचा दंड. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. पाळीच्या आणि पोटाच्या दुखण्याने खाडे पडतात आणि खाड्याचा दंड परवडत नाही, हे त्यामागचे एक कारण तेव्हा पुढे आले. एका शब्दात किती दहशत असू शकते, याचा हा पुरावा.

हा शब्द मी अगदी वेगळ्या अर्थाने ऐकला तो आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या मावशींच्या तोंडून. त्यांना ‘शुगर’ आहे आणि ‘बीपी’ही आहे. परवा त्यांचा चेहरा ओढलेला दिसला म्हणून सहज विचारले, ‘‘मावशी, औषधं चालू आहेत ना?’’ त्या फरशी पुसता पुसता म्हणाल्या, ‘‘आठ दिवस गोळ्यांचा खाडा झालाय, काका.’’

मी म्हटले, ‘‘अहो, असं कसं चालेल?’’

‘‘मग काय करू? कामाचा खाडा नको म्हणून गोळीचा झाला.’’

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. हिशेब सांगावा तसे सांगितले. आणि मग मी विचारल्यावरून तो हिशेब त्यांनी उलगडूनही दाखवला. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या फुकट मिळतात, पण संपल्या की नव्या देण्याआधी डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. त्यासाठी एक दिवस सकाळी केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त द्यायचे, मग काहीतरी खायचे आणि दोन तासांनी पुन्हा द्यायचे. रिपोर्ट तिसऱ्या दिवशी. तो घेऊन पुन्हा डॉक्टरांची रांग. तीन सकाळी गेल्या. मावशींची पाच घरे आहेत आणि पाचही घरांना त्या सकाळीच हव्या असतात. तीन दिवस गुणिले पाच घरे. ‘‘एका तपासणीला पंधरा खाडे, काका. गोळी फुकट आहे म्हणतात. कुठं फुकट आहे?’’

आयुष्यभर आकडेमोड केलेल्या माणसालाही हा ताळेबंद निमूटपणे मान्य करावा लागला.

हा आजार मलाही आहे. गेली बारा वर्षे मी रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी घेतो. म्हणजे निदान आजाराच्या बाबतीत तरी मी आणि मावशी एकाच वर्गातले. पण तेवढेच. रक्त घ्यायला प्रयोगशाळेचा मुलगा सकाळी सात वाजता माझ्या घरी येतो. नाश्ता झाल्यावर दोन तासांनी पुन्हा येतो. रिपोर्ट मोबाइलवर येतो. माझ्याकडे सोमवार ते रविवार अशा सात कप्प्यांची गोळ्यांची डबी आहे, सकाळी फिरायला बाग आहे, आणि निवृत्तिवेतन महिन्याच्या महिन्याला जमा होते, मी आजारी असलो तरी. आजार एकच आणि गोळीही जवळजवळ एकच. पण तो आजार सांभाळण्यासाठी लागणारा वेळ माझ्याकडे पोत्याने आहे आणि मावशींकडे चिमूटभरही नाही.

मधुमेहाला आपण वर्षानुवर्षे राजरोग समजत आलो. तुपातला शिरा खाणाऱ्या, गादीवर बसून गल्ला मोजणाऱ्या माणसाचा हा आजार, असे चित्र आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. ते आता पुसायला हवे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि उच्च रक्तदाब प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना आहे. याच पाहणीचा आधीचा भाग २०१७ साली प्रसिद्ध झाला होता, त्यात एक धक्कादायक गोष्ट होती. महाराष्ट्र आणि तमिळनाडूसारख्या पुढारलेल्या राज्यांच्या शहरांत मधुमेहाचे प्रमाण वरच्या आर्थिक थरापेक्षा खालच्या थरात जास्त आढळले. राजा केव्हाच फिरायला जाऊ लागला, तेल-साखर मोजू लागला. रोग मात्र चाळीत आणि झोपडपट्टीत मुक्कामाला आला.

याची कारणे त्या माणसांच्या चुकांत शोधण्याआधी त्यांच्या दिवसात शोधावीत. पहाटे साडेपाचला घर सोडणाऱ्या बाईचा नाश्ता म्हणजे गोड चहा आणि बटर किंवा पाव. दुपारी नाक्यावरचा वडापाव. कमी पैशांत आणि कमी वेळात पोट भरणारे जे जे आहे, ते मैदा, बटाटा, साखर आणि तेल यांचेच असते. रात्रपाळी, अपुरी झोप आणि तंबाखूची चिमूट त्यात भर घालतात. आणि एक कारण तर जन्माच्याही आधीचे आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास करत आले आहेत. आपल्याकडची नवजात बाळे युरोपातल्या बाळांपेक्षा वजनाने कमी असतात, पण त्या कृश देहात स्नायूंच्या मानाने चरबी जास्त असते, असे त्यांना आढळले. अशा बाळांना मोठेपणी मधुमेहाचा धोका अधिक. थोडक्यात, आईच्या पोटात असताना झालेली उपासमार चाळिशीत ‘शुगर’ होऊन परत येते. असे जुने, दुसऱ्याच्या नावाचे कर्ज फेडत बसलेल्या माणसाला आपण ‘पथ्य पाळत नाहीत हो हे लोक’ असे म्हणून मोकळे होतो.

कर्जाचा विषय निघालाच आहे, तर माझ्या नोकरीतली एक आठवण सांगतो. १९९७-९८ च्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा मुंबईच्या एका उपनगरातल्या शाखेत कर्ज विभाग पाहत होतो. हातगाडीवर भाजी विकणाऱ्या एका गृहस्थांना आम्ही दहा हजारांचे कर्ज दिले होते. दर महिन्याच्या सात तारखेला ते स्वतः येऊन हप्ता भरायचे. रोखपालाकडे नोटा देण्याआधी त्या हाताने सरळ करायचे. आमच्या शाखेतले ते अत्यंत आदर्श कर्जदार. एकदा मी पाहिले, तर त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती. मी विचारल्यावर त्यांनी खाली पाहिले आणि तेच चकित झाले. चप्पल वाटेत कुठेतरी निसटली होती आणि त्यांना ते कळलेच नव्हते. हे मधुमेहाचे किती स्पष्ट लक्षण आहे, ते आज कोणताही डॉक्टर सांगेल. वाढलेली साखर पायाच्या नसांवर घाला घालते. पाय बधिर होतो. खडा टोचतो, जखम होते, चिघळते, आणि ज्याचा पाय त्याला पत्ता नसतो.

त्यांना मधुमेह असल्याचे चार वर्षांपूर्वीच कळले होते. गोळ्या मध्ये मध्ये घ्यायचे. मी म्हटले, ‘‘बँकेचा हप्ता कधी चुकवत नाही तुम्ही, मग गोळी कशी चुकते?’’ ते हसून म्हणाले, ‘‘साहेब, हप्ता थकला तर तुमचा माणूस दारात येतो. गोळी थकली तर कोण येतं?’’

पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या पायाला जखम झाली. आधी बोट काढले, मग घोट्यापासून पाय. गाडी त्यांच्या पत्नी चालवू लागल्या. उरलेले हप्ते त्यांनी एकही न चुकवता भरले. मुदत संपली त्या दिवशी खात्यावर ‘पूर्ण फेड’ असा शेरा मीच मारला. बँकेच्या दृष्टीने ते कर्ज शंभर टक्के यशस्वी होते.

त्यांचा तो प्रश्न मात्र बिनतोड होता. जुनाट आजार हे एक विचित्र कर्ज आहे. घराचे कर्ज वीस वर्षांनी फिटते, हातगाडीचे तीन वर्षांनी. या कर्जाला मुदतच नाही. रोजचा हप्ता छोटा, पण तो शेवटपर्यंत. आणि चुकला तर ताबडतोब काही होत नाही, हीच त्यातली मेख. रक्तदाब दुखत नाही. साखर वाढली तरी बरीच वर्षे अंगावर काही दिसत नाही. ताप असता तर माणूस आपण होऊन डॉक्टरकडे गेला असता. इथे उलट आहे. गोळी घेऊन बरे वाटते, आणि बरे वाटते म्हणून गोळी बंद होते. नोटीस येते ती एकदम डोळा, मूत्रपिंड, हृदय नाहीतर मेंदू यांच्या नावाने, आणि तोवर व्याज मुद्दलाच्या कितीतरी पुढे गेलेले असते.

बँकिंगमध्ये आम्ही एक गोष्ट फार लवकर शिकलो होतो. ज्याची कमाई रोजची आहे त्याच्याकडे महिन्याचा हप्ता मागितला, तर तो थकणारच. त्याची नियत चांगली असली तरी. शेतकऱ्याचा हप्ता सुगीनंतर ठेवावा लागतो. उडुपीच्या ज्या बँकेचे नाव पुढे सिंडिकेट बँक झाले, तिने १९२८ साली ‘पिग्मी’ ठेव योजना काढली, तीही यातूनच. विणकर, कोळी, छोटे दुकानदार बँकेच्या वेळेत बँकेत येऊ शकत नव्हते, म्हणून बँकेचा माणूस रोज त्यांच्या दारात जाऊन दोन-दोन आणे गोळा करू लागला. गरीब माणूस बचत करत नाही, असे त्यापूर्वी सगळे म्हणत. तो बचत करतो, फक्त त्याला बँकेची वेळ जमत नाही, हे पिग्मीने सिद्ध केले. औषधोपचाराच्या बाबतीत नेमका हाच धडा आपण अजून पुरता गिरवलेला नाही.

वेळ न जमणे म्हणजे काय, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या सोसायटीचे रात्रीचे सुरक्षा रक्षक बारा तासांची ड्युटी करतात. त्यांना रक्तदाबासाठी जी गोळी दिली होती, तिने लघवी वारंवार होते. फाटकावर स्वच्छतागृह नाही, आणि फाटक सोडून गेले तर तक्रार होते. त्यांनी गोळी सोडून दिली. डॉक्टरांना त्यांनी हे सांगितले नाही, आणि डॉक्टरांनीही ते कुठे काम करतात हे विचारले नाही. दुसरी गोळी देता आली असती. रिक्षावाले, टॅक्सीवाले, रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवाल्या यांचेही हेच. मधुमेहात तहान लागते, पाणी प्यावे लागते, आणि पाणी प्यायले की जायचे कुठे हा प्रश्न उभा राहतो. म्हणून त्या पाणीच पीत नाहीत.

आमच्या मावशींची तक्रार होती की सकाळची गोळी घेतली की हातपाय थरथरतात, घाम फुटतो. घरच्यांनी तो वहम ठरवला. पण त्यात वहम काहीच नव्हता. साखरेच्या काही गोळ्या अशा असतात की त्या घेतल्यावर वेळेत खावे लागते. मावशी पहाटे गोळी घेऊन निघायच्या आणि पहिला घास दहा वाजता पोटात जायचा. मधल्या वेळात साखर एकदम खाली जायची. ‘जेवणाआधी घ्या’ असे पाकिटावर लिहून देणाऱ्याने हे गृहीत धरले होते की जेवणाची वेळ जेवणाऱ्याच्या हातात असते.

या अडचणींतून माणसे आपापल्या परीने वाटा काढतात, आणि काही वाटा थक्क करणाऱ्या असतात. ज्यांना इन्सुलिनची इंजेक्शने घ्यावी लागतात पण घरात फ्रिज नाही, अशी माणसे बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून ती ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवतात. डॉक्टरही फ्रिज नसलेल्यांना हा उपाय सांगतात. उन्हाळ्यात तो खरोखर उपयोगी पडतो. काही वाटा मात्र घातक असतात. गोळी अर्धी अर्धी करून पंधरा दिवसांची महिनाभर पुरवणे. नवऱ्याला आणि बायकोला दोघांनाही बीपी, म्हणून एकाच चिठ्ठीवर दोघांनी घेणे. आणि सर्वात वाईट म्हणजे ‘शुगर मुळापासून बरी’ करणारी पावडर. जी माणसे गोळीला दहा रुपये काढताना विचार करतात, ती या पावडरीच्या डब्याला हजार रुपये देतात. आपण त्यांच्या अंधश्रद्धेला हसतो, पण ती पावडर विकणारा एक गोष्ट बरोबर ओळखून असतो. तो म्हणतो, ‘तीन महिन्यांत संपेल.’ डॉक्टर म्हणतात, ‘आयुष्यभर घ्यावी लागेल.’ कोणतेही कर्ज संपेल असे सांगणाऱ्याकडेच माणूस आधी वळतो.

सरकार काही करत नाही असे मी म्हणणार नाही. पण जे केले जाते त्याचा तोल पाहण्यासारखा आहे. हृदयाची शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, २०१८ साली आलेली आयुष्मान भारत आहे. रुग्णालयात दाखल झाल्यावर लाखांचा खर्च त्यातून भागू शकतो. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तिच्यामुळे अनेक घरे सावरली आहेत. पण या योजना मुख्यतः दाखल होणाऱ्यासाठी आहेत. दाखल व्हावे लागू नये म्हणून पंधरा वर्षे रोज गोळी घेणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीचा विचार त्यांत नाही. कर्ज बुडाल्यावर माफी देणे आणि हप्ता वेळेवर भरता यावा अशी सोय करणे, यांत स्वस्त काय आणि शहाणपणाचे काय, हे सांगायला बँकेचा माणूस लागत नाही.

बुडालेल्या मजुरीचा विचार पूर्वी झालाच नव्हता, असे मात्र नाही. १९४८ च्या कायद्याने राज्य कामगार विमा योजना आली, १९५४ साली ती मुंबईत लागू झाली. परळ-लालबागच्या गिरणी कामगाराला ‘विम्याचा डॉक्टर’ होता. या योजनेत आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळण्याची सोय आहे, आणि काही दीर्घ आजारांसाठी त्याहून जास्त. आजारी माणसाला औषधाइतकीच पगाराचीही गरज असते, हे तत्त्व त्या काळात मान्य झाले होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि नोकरीबरोबर विमाही गेला. गिरणी कामगाराचा मुलगा आज कुठल्यातरी फाटकावर सुरक्षा रक्षक असतो. आमच्या रक्षकांच्या पगारातून विम्याची वर्गणी कापली जाते, पण कार्ड अजून त्यांच्या हातात पडलेले नाही. एजन्सीत विचारले की ‘येईल’ असे उत्तर मिळते. घरकामगार, फेरीवाले, नाक्यावरचे मजूर यांना तर ‘येईल’ एवढेही उत्तर नाही. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्राने २००८ साली केला. पण आजारी पडलेल्या मोलकरणीचा बुडालेला रोज कोण देणार, हा प्रश्न अजून तिचा तिलाच सोडवावा लागतो.

तरीही काही ठिकाणी पिग्मीचा धडा उमगलेला दिसतो. २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाबाच्या नियंत्रणासाठी केंद्र सरकार, आयुर्विज्ञान परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी एक उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे त्यात पहिल्या टप्प्यात होते. त्यातले उपाय अगदी साधे. कोणती गोळी आधी द्यायची आणि कधी वाढवायची याचा एकच ठरलेला क्रम. गोळ्या एकदम तीस दिवसांच्या. त्या मिळणार तालुक्याच्या रुग्णालयातच नव्हे, तर गावाजवळच्या आरोग्य केंद्रातही. आणि जो ठरल्या दिवशी आला नाही, त्याला फोन करायचा किंवा त्याच्या घरी जायचे. हातगाडीवाल्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच. मुंबईत २०२२ साली ‘आपला दवाखाना’ सुरू झाला, तेव्हा त्याची वेळ सकाळी ७ ते दुपारी २ आणि दुपारी ३ ते रात्री १० अशी ठेवण्यात आली. वरवर पाहता ही किरकोळ प्रशासकीय बाब वाटेल. पण धुणेभांडी आटोपून संध्याकाळी रिकाम्या होणाऱ्या बाईच्या दृष्टीने, रात्री १० पर्यंत उघडा असलेला दवाखाना हेच एक औषध आहे.

औषधांच्या किमतीचेही तसेच. २००८ साली सुरू झालेल्या जन औषधी दुकानांत रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळीची दहाची पट्टी कटिंग चहाच्या आसपासच्या किमतीत मिळते. कंपनीचे नाव वेगळे असले तरी औषध तेच. पण डॉक्टरांनी चिठ्ठीवर कंपनीचेच नाव लिहिले, तर मावशींना ते कसे कळणार? त्यांना गोळी ओळखता येते ती रंगावरून आणि आकारावरून. रंग बदलला की त्यांचा विश्वास उडतो. हे समजावून सांगायला एक मिनिट लागते, आणि रांगेतल्या डॉक्टरांकडे नेमके तेच नसते.

तपासणीच्या त्या पंधरा खाड्यांवरही उतारा आहे. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ताची एक तपासणी असते, तिला ‘एचबीए१सी’ म्हणतात. तिच्यासाठी उपाशी राहावे लागत नाही, दोनदा रक्त द्यावे लागत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर उपाशीपोटीची साखर म्हणजे आज सकाळची शिल्लक, आणि ही म्हणजे तिमाहीची सरासरी शिल्लक. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड टाळून तिला फसवता येत नाही. ती तुलनेने महाग आहे, हे खरे. पण रुग्णाचे बुडालेले रोज हिशेबात धरले, तर कोणती तपासणी महाग पडते ते एकदा मांडून पाहायला हरकत नाही.

सरकारने काय करावे हे सांगणे सोपे असते. रविवारी सकाळी चहा पीत हे वाचणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरात काय करता येईल, ते जास्त महत्त्वाचे. कारण या माणसांचे मालक कुणी कारखानदार नाहीत, आपणच आहोत. महिन्यातला एक दिवस ठरवून दवाखान्यासाठी द्यावा, आणि तो खाडा म्हणून मोजू नये. पाच घरांनी आपसात बोलून तो एकच दिवस ठरवला तर उत्तमच. गोळी घेऊन येणाऱ्या बाईला आल्याबरोबर पोळी-भाजी द्यावी. चहा देताना साखर किती, हे निदान विचारावे. सणाचे उरलेले लाडू आणि करंज्या पिशवीत भरून देताना त्या कुणाच्या पोटात जाणार आहेत याचा विचार करावा. आपल्याकडे रक्तदाब मोजायचे यंत्र असतेच. महिन्यातून दोनदा त्यांचाही मोजून कागदावर तारखेसह लिहून द्यावा, म्हणजे डॉक्टरांना दाखवता येतो. स्वतः डॉक्टर होऊ नये, आणि आपल्या उरलेल्या गोळ्या तर कधीच देऊ नयेत. आणि आपल्या घरात चार तास काम करणाऱ्या बाईला आपले स्वच्छतागृह वापरू द्यावे. हे लिहावे लागते याचीच लाज वाटते, पण लिहायला हवे.

आमच्या घरापुरते म्हणाल तर मावशींनी गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घेतली. त्या आता आमच्याकडे आल्यावर आधी खातात, गोळी घेतात आणि मग भांड्यांना हात लावतात. मात्र नवरात्रातले नऊ दिवसांचे उपास आणि साबुदाण्याची खिचडी यावर आमचा समझोता अद्याप झालेला नाही. ‘‘देवीचं आणि डॉक्टरचं तुम्ही बघून घ्या,’’ असे त्या मला सांगतात.

मधुमेह आणि रक्तदाब वर्षानुवर्षे मोकाट राहिले की शेवटी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मग डायालिसिस. २०१६ साली केंद्राने गरिबांसाठी जिल्हा रुग्णालयांत मोफत डायालिसिसची योजना सुरू केली, ही समाधानाची बाब. पण डायालिसिस म्हणजे साधारणपणे आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, शिवाय येणे-जाणे आणि नंतरचा थकवा. ज्या माणसाला आपण गोळीसाठी महिन्यातला एक दिवस देऊ शकलो नाही, त्याला तेव्हा आठवड्यातले तीन दिवस द्यावेच लागतात. वर्षाचे बारा दिवस, की वर्षाचे एकशे छप्पन? आणि ते एकशे छप्पन दिवस कुणीही खाडा म्हणून मोजत नाही, कारण तोवर त्याचे काम सुटलेले असते.